कांपोआमोर, क्लारा

कांपोआमोर, क्लारा : (१२ फेब्रुवारी १८८८ – ३० एप्रिल १९७२). स्पॅनिश वकील, संसदपटू व स्त्रीहक्कांच्या पुरस्कर्त्या. पूर्ण नाव क्लारा कांपोआमोर रोद्रिगेस. स्पेनच्या दुसऱ्या प्रजासत्ताकाच्या १९३१ च्या संविधानाने स्त्रियांना मतदानाचा हक्क दिला, त्याचे श्रेय मुख्यतः त्यांच्याकडे जाते. दोन वर्षांनी निवडणुकीत डाव्या पक्षांचा पराभव झाला, त्याचे खापरही बराच काळ त्यांच्याच माथी फोडले गेले. या श्रेयाचा आणि दोषाचा निवाडा संसदेतील मतदानाच्या आकड्यांवरून बराचसा करता येतो. म्हणून प्रस्तुत नोंदीत त्यांच्या दीर्घ आयुष्यातील त्या अडीच वर्षांना अधिक जागा दिली आहे.

त्यांचा जन्म माद्रिद येथे झाला. वडील एका वृत्तपत्रात हिशेबनीस होते, आई शिवणकाम करीत असे. वडिलांच्या अकाली निधनानंतर लहान वयातच शाळा सुटली. शिवणकाम व दुकानातील नोकरी करून १९०९ मध्ये स्पर्धापरीक्षेद्वारे त्या डाक-तार खात्यात लागल्या. सारागोसा व सान सेबास्तियन येथे त्यांनी काम केले. १९१४ मध्ये दुसरी स्पर्धापरीक्षा देऊन त्या माद्रिदमधील प्रौढांच्या शाळांत टंकलेखन व लघुलेखन शिकवू लागल्या. नोकरी सांभाळून त्यांनी सुटलेले शालेय शिक्षण पुरे केले आणि १९२४ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, कायद्याची पदवी मिळविली. पुढच्याच वर्षी त्यांना वकिलीची सनद मिळाली. माद्रिदच्या वकीलसंघात त्यांच्या काही आठवडे आधी व्हिक्तोरिया केंत यांची नोंद झाली होती. याच केंत पुढे संसदेत त्यांच्या विरोधात उभ्या राहिल्या. १९२८ मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेल्या स्त्री-वकिलांच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या संस्थापकांत कांपोआमोर होत्या.

एप्रिल १९३१ मध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. ८ मेच्या हुकूमनाम्याने मतदानाचे वय २३ वर आणले, पण केवळ पुरुषांसाठी. स्त्रियांना उमेदवार होता येत होते, मत देता येत नव्हते. या विसंगत तरतुदीमुळे जूनमधील निवडणुकीत पुरुषांच्या मतांवर प्रथम दोन स्त्रिया निवडून आल्या : लेर्रूस यांच्या रॅडिकल पक्षातर्फे कांपोआमोर आणि रॅडिकल सोशालिस्ट पक्षातर्फे केंत. तिसऱ्या सदस्य मार्गारिता नेल्केन काही महिन्यांनी पोटनिवडणुकीतून आल्या. हिमेनेस दे असुआ यांच्या अध्यक्षतेखालील २१ सदस्यांच्या मसुदा समितीत कांपोआमोर यांची निवड झाली. मताधिकाराचे कलम मसुद्यात आले; ते टिकविण्याचे काम मात्र सभागृहात करावे लागले. एका सदस्याने, नोव्होआ सान्तोस या वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापकाने, स्त्रीस्वभाव मुळातच उन्मादी असल्याचे सांगून तिला मत नाकारले. इलारिओ आयुसो यांनी पुरुषांसाठी २३ आणि स्त्रियांसाठी ४५ वर्षे अशी वयोमर्यादा सुचविली.

गंभीर आक्षेप केंत यांचा होता. स्त्रियांची पात्रता त्यांना मान्य होती. प्रश्न फक्त वेळेचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. चर्चच्या प्रभावाखालील बहुसंख्य स्त्रियांनी काही वर्षे प्रजासत्ताकाची फळे चाखावीत, मुले त्याच्या शाळांत जावीत, मग मताधिकार द्यावा. तोवर त्यांच्या हाती मत देणे म्हणजे प्रजासत्ताकच धोक्यात घालणे. कांपोआमोर यांनी १ ऑक्टोबर रोजी दिलेले उत्तर दुहेरी होते. अज्ञानाच्या मुद्द्यावर त्यांनी शिक्षणतज्ज्ञ लुसुरिआगा यांनी साक्षरतेविषयी दिलेली आकडेवारी मांडली : १९१० पर्यंतच्या अर्धशतकात निरक्षर पुरुषांची संख्या ७३,०८२ ने वाढली, निरक्षर स्त्रियांची ४८,०९८ ने घटली, लोकसंख्येतील प्रमाण पाहता घट पुरुषांत १२·७ टक्के, तर स्त्रियांत २०·२ टक्के. निरक्षरता हा निकष लावायचा असेल, तर तो पुरुषांनाही लावावा लागेल, असा त्याचा रोख होता. दुसरे उत्तर तत्त्वाचे होते. नागरिकाचा हक्क तो कोणाला मत देईल यावर अवलंबून ठेवला, तर तो हक्क उरत नाही, राज्यकर्त्यांची मर्जी होते. आणि स्वातंत्र्य शिकायचे तर ते वापरूनच शिकता येते.

मतदानात कलमाच्या बाजूने १६१ व विरुद्ध १२१ मते पडली. ४७० सदस्यांच्या सभागृहात उरलेल्यांनी मतच दिले नाही. रॅडिकल पक्षाने, म्हणजे कांपोआमोर यांच्याच पक्षाने, विरोध केला. बाजूने प्रामुख्याने समाजवादी, उजवे आणि काही लहान प्रजासत्ताकवादी गट होते. मात्र समाजवाद्यांचेच एक पुढारी इंदालेसिओ प्रिएतो यांनी हा प्रजासत्ताकावरचा खंजिराचा घाव ठरवला. येथूनच पहिला आक्षेप निघतो : हा विजय वक्तृत्वाचा नव्हे, बेरजेचा होता, आणि ती बेरीज स्वार्थी उजव्यांनी पुरी केली. यातले पहिले विधान बरेचसे खरे आहे. समाजवाद्यांची अधिकृत भूमिका अनुकूल नसती, तर कितीही प्रभावी भाषणाने कलम तरले नसते. दुसरे विधान मात्र दोन महिन्यांतच तपासले गेले. १ डिसेंबर रोजी पेन्याल्बा या सदस्याने एक संक्रमणकालीन तरतूद मांडली : नगरपालिकांच्या निवडणुका दोनदा होऊन जाईपर्यंत स्त्रियांनी संसदेच्या निवडणुकीत मत देऊ नये. केंत यांचीच भूमिका वेगळ्या वाटेने परत आली होती. ऑक्टोबरच्या मध्यावर धर्मविषयक कलमावरून बहुतेक उजवे सदस्य सभागृह सोडून गेले होते. तरीही तरतूद १२७ विरुद्ध १३१ मतांनी फेटाळली गेली. स्मरणोत्सव १ ऑक्टोबरचे होतात. पण मताधिकार ही उजव्यांची देणगी नव्हती याचा निर्णायक पुरावा डिसेंबरमधील या चार मतांत आहे.

दुसरा आक्षेप १९ नोव्हेंबर १९३३ च्या निवडणुकीचा. स्त्रियांनी संसदेच्या निवडणुकीत प्रथमच मतदान केले, उजव्यांची सरशी झाली, कांपोआमोर आणि केंत दोघींनाही जागा गमवाव्या लागल्या. म्हणून केंत यांचे भाकीत खरे ठरले, असे सांगितले जाते. अनेक स्त्रियांनी उजव्यांना मते दिली असणार, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पुरुषांची व स्त्रियांची मते एकाच पेटीत पडून एकत्रच मोजली गेली, त्यामुळे निकाल स्त्रियांनी फिरविला हे विधान मतपेटीवरून सिद्ध होत नाही. निकालाची इतर कारणे मात्र उघड दिसतात. निवडणूक कायदा आघाडीवरच्या यादीला मतांच्या मानाने फार अधिक जागा देत असे. १९३१ मध्ये एकत्र लढलेले प्रजासत्ताकवादी व समाजवादी १९३३ मध्ये अनेक ठिकाणी वेगळे लढले. उजवे एकत्र आले. जानेवारीत कासास व्हिएहास या गावी सरकारी दलांनी केलेल्या हत्याकांडानंतर अराजकवादी कामगार संघटनेने बहिष्काराची मोहीम चालविली. फेब्रुवारी १९३६ मध्ये स्त्रियांचा मताधिकार तोच होता. डावे एकत्र आले आणि त्यांची जनआघाडी जिंकली. स्त्रियांचे मत हेच १९३३ च्या पराभवाचे मूळ असते, तर १९३६ चा निकाल समजावून सांगता येत नाही. हीच मांडणी कांपोआमोर यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात केली. ‘माझे घोर पाप’ अशा अर्थाचे उपशीर्षक त्यांनी त्याला उपरोधाने दिले होते.

संसदेतील त्यांचे दुसरे कार्य म्हणजे १९३२ च्या घटस्फोट कायद्याचा पुरस्कार. वकील म्हणून त्यांनी कादंबरीकार कोंचा एस्पिना आणि नाटककार व्हाय्ये-इंक्लान यांच्या पत्नी, अभिनेत्री होसेफिना ब्लांको यांचे घटस्फोटाचे दावे चालविले. १९३३ च्या पराभवानंतर लेर्रूस सरकारने त्यांना सार्वजनिक साहाय्य खात्याच्या महासंचालक नेमले. तत्त्वाच्या गोष्टी करणाऱ्या बाईंनी असे पद स्वीकारावे, ही टीका अगदीच गैरलागू नाही. मात्र ऑक्टोबर १९३४ मध्ये अस्तुरियास प्रांतात झालेल्या कामगारांच्या उठावानंतर सरकारने केलेली दडपशाही पाहून त्यांनी पक्ष सोडला, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे. डाव्या प्रजासत्ताकवाद्यांच्या इस्किएर्दा रेपुब्लिकाना या पक्षात त्यांनी प्रवेश मागितला, तेव्हा गुप्त मतदानात तो ६८ विरुद्ध १८३ मतांनी नाकारला गेला. त्यांची पक्षीय कारकीर्द तेथेच संपली.

यादवी युद्ध सुरू झाल्यावर १९३६ मध्ये त्यांनी स्पेन सोडले. दोन्ही बाजूंच्या हिंसेवर टीका करणारे त्यांचे पुस्तक १९३७ मध्ये फ्रेंचमध्ये निघाले. त्याच्या अन्वयार्थाविषयी मतभेद आहेत. पुढे सुमारे सतरा वर्षे त्यांनी ब्वेनोस आयरिस येथे काढली आणि कोन्सेप्सिओन आरेनाल, सोर ह्वाना इनेस दे ला क्रुस व केव्हेदो यांच्यावर पुस्तके लिहिली. फ्रीमेसनरीच्या आरोपामुळे फ्रांकोच्या स्पेनमध्ये परतणे शक्य झाले नाही. १९५५ पासून लोझान येथे त्या वकील-मैत्रीण आंत्वानेत कँश यांच्याबरोबर राहिल्या व काम करीत राहिल्या. तेथेच त्यांचे कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या अस्थी सान सेबास्तियन येथे आहेत.

लोकशाही परतल्यावर त्यांचे नाव रस्त्यांना, शाळांना, एका सागरी बचाव जहाजाला आणि माद्रिदच्या चामार्तिन रेल्वे स्थानकाला देण्यात आले. या गौरवात त्यांची प्रतिमा सर्वपक्षीय झाली आहे, आणि त्यामुळे १९३१ चा खरा वाद पुसट होतो. स्त्रियांना मत द्यावे की नाही, यावर केंत व त्यांच्यात मतभेद नव्हता. हक्क देण्यापूर्वी त्याच्या वापराची हमी मागावी का, हा वाद होता. कांपोआमोर यांनी ती हमी मागण्यास नकार दिला. त्याची किंमत प्रथम त्यांच्या स्वतःच्या जागेच्या आणि पक्षाच्या रूपाने पडली. म्हणून त्यांच्या नकाराला संधिसाधूपणा म्हणता येत नाही, आणि १९३६ च्या निकालानंतर भाबडेपणाही म्हणता येत नाही.