म्हणणे : एका क्रियापदाची कुळकथा

लखनौच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर असलेले मलिहाबाद आपणां सर्वांस दशहरी आंब्यामुळे परिचित आहे. सरकारी कामानिमित्त तेथे गेलो असता एका वृद्ध बागाईतदारांशी गप्पा रंगल्या. माझी आजी निरक्षर होती, तरी रामरक्षा अथपासून इतिपर्यंत म्हणत असे, हे सांगण्याच्या भरात मी बोलून गेलो, "दादी अनपढ़ थीं, मगर पूरा स्तोत्र पढ़ती थीं." वाक्य तोंडातून निघाले आणि मीच ओशाळलो. अनपढ बाई पढणार कशी? परंतु त्या गृहस्थांस त्यात काहीच विसंगत वाटले नाही. "हमारी नानी भी मरसिया ऐसे ही पढ़ती थीं," ते शांतपणे म्हणाले.

घरी परतल्यावर मी या दोन शब्दांचे कूळ शोधू लागलो. 'पढ़ना' हे संस्कृत 'पठ्' धातूचे अपत्य. स्पष्टपणे उच्चारणे, हा त्याचा जुना अर्थ. समोर पोथी असावी अशी अट त्यात नाही. पुढे वाचणे व शिकणे हे अर्थ प्रबळ झाले. तथापि जुना अर्थ अवधच्या भूमीने जपला. मीर अनीस (मृत्यू १८७४) व मिर्झा दबीर (मृत्यू १८७५) यांनी लखनौच्या मजलिशींत मरसिये 'पढले'. मलिहाबादचे सुपुत्र शायर जोश (मृत्यू १९८२) हेही आपल्या नज्मा 'पढतच' असत. उर्दूत शेर 'कहना' म्हणजे तो रचणे!

'पठ्' मराठीतही आला. पाठ, पाढे, पाठांतर ही त्याचीच संतती. पण 'पढणे' मात्र आपल्याकडे मागे पडले. समर्थ रामदासांनी तर दासबोधात पढतमूर्खाच्या लक्षणांसाठी एक संपूर्ण समास दिला आहे. मराठीत मानाचे स्थान मिळाले ते 'म्हणणे' या क्रियापदास. संस्कृत 'भण्', प्राकृत 'भणइ' आणि पुढे 'ण'च्या सान्निध्याने 'भ'चा 'म्ह' होऊन मराठी 'म्हणणे', असा हा प्रवास आहे. ज्ञानेश्वरीत (१२९०) भेटणारे 'म्हणौनि' व 'म्हणिजे' हे आजच्या 'म्हणून' व 'म्हणजे' यांचे पूर्वज होत. लोकांच्या तोंडी रुळलेले वचन ती 'म्हण'.

आपण आरती म्हणतो, पाढे म्हणतो, गाणेदेखील म्हणतो. आणि स्वतःचे मत सांगताना 'माझे म्हणणे असे की' असाच आरंभ करतो. पाठ केलेले आणि मनातले, दोहोंसाठी आपल्या भाषेने एकच क्रियापद ठेवले आहे. आजीची रामरक्षा हे तिचे स्वतःचे म्हणणे होते. त्यासाठी तिला अक्षरओळख लागली नाही.

लखनौत वाढलेली माझी कन्या लहानपणी गणपतीत विचारी, "बाबा, आज आरती मी पढू?" आम्ही सारे हसत असू. मलिहाबादच्या त्या दुपारनंतर ते हसणे मला बोचू लागले. तिचा शब्द कुलीन होता. उणीव होती ती आमच्या सांगण्यात. परप्रांती जन्मलेल्या मुलांना देवनागरी वाचता येते, आरतीचे पुस्तकही हाती असते. परंतु पुस्तक मिटल्यावर त्यांच्या ओठांवर काय उरते, यावर आपल्या घरातील मराठीचे आयुष्य अवलंबून आहे.

मंडळाने पन्नास वर्षे आपणांस एकत्र जमवून म्हणते ठेवले. या सुवर्णमहोत्सवी वर्षी प्रत्येक घराने मुलांकडून निदान एक तरी स्तोत्र वा कविता अर्थासह म्हणवून घ्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे.