दगड उचलण्याआधी सलाईन

बचाव पथकातल्या पोरांना शिकवताना मी सुरुवात लंडनपासून करतो. १९४० साली बॉम्बहल्ल्यांत घरं कोसळत होती. तासन्‌तास तुळईखाली पाय दबलेला माणूस जिवंत निघायचा, शुद्धीवर असायचा. सगळे म्हणायचे, वाचला! मग लघवी तपकिरी व्हायची, कमी व्हायची, आणि आठवडाभरात तो जायचा. हॅमरस्मिथ इस्पितळातल्या बायवॉटर्स आणि बील यांनी १९४१ मध्ये अशा चार रुग्णांची हकिगत छापली. चेंगरलेल्या स्नायूंतलं मायोग्लोबिन मूत्रपिंडात तुंबतं, हे त्यानंतर उमगलं. खरं तर जपानच्या मिनामींनी १९२३ मध्येच हे जर्मनमध्ये लिहिलं होतं, वाचलं कोणी?

पोरांना घाई दगड उचलण्याची. साहजिकच आहे. किल्लारीला १९९३ च्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवर पडल्या, तेव्हा हातांनी उपसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण भार सुटताच पायात रक्त फिरतं आणि तिथलं पोटॅशियम थेट हृदयाकडे येतं, ते बंद पाडू शकतं. म्हणून माणूस अडकलेला असतानाच, मोकळा हात सापडला की शीर धरायची आणि साधं सलाईन सोडायचं, मोठ्या माणसाला तासाला साधारण एक लिटर. रिंगर लॅक्टेट नाही, त्यात पोटॅशियम असतं. अंधारात बाटल्या सारख्याच दिसतात. रिंगरच्या मी पेटीत ठेवूच देत नाही.