मान कुणाच्या हातात?

आजचा भाग खेडहून. विषय मानेचा.

आपल्याकडे कटिंग झाली की चंपी, आणि चंपी झाली की मानेला डावी-उजवीकडे झटका. 'कट्' असा आवाज आला की गिऱ्हाईक खूश! या झटक्याबद्दल मला बोलायचंच आहे, पण आधी दुखऱ्या मानेला हात लावण्याचा इतिहास बघू.

आयुर्वेदात आखडलेल्या मानेला 'मन्यास्तंभ' म्हणतात. सुश्रुतसंहितेत त्याची कारणं दिलीत: दिवसा झोपणं, वेडंवाकडं बसणं, मान वाकडी करून वर बघत राहणं. मोबाइल नव्हता, पण बसण्याची खोड होतीच! उपाय म्हणून शेक आणि नस्य सांगितलंय. आपल्या तालुक्यात घाणेखुंट-लोटे इथं आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथं हा विषय आजही शिकवला जातो. शेक म्हणाल तर शेजारच्या दापोली तालुक्यात उन्हवऱ्याचे गरम पाण्याचे झरे आहेतच. गावोगावी हाडवैद्य होते, तालमीत तेल-मालीश होती. हे सगळे हाताचेच उपचार.

युरोपात 1813 साली पेर हेन्रिक लिंग यांनी स्टॉकहोमला व्यायामाची संस्था काढली. मालीश आणि ठरवून केलेल्या हालचाली यांना त्यांनी शिस्त लावली. 1894 मध्ये इंग्लंडमध्ये मालीश करणाऱ्या चार परिचारिकांनी आपली संघटना बांधली, तिथून तिकडची फिजिओथेरपी उभी राहिली. त्याच सुमारास, 1895 साली, अमेरिकेत डी. डी. पामर यांनी एका बहिऱ्या माणसाच्या मणक्याला झटका दिला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असा दावा केला. ही कायरोप्रॅक्टिकची सुरुवात. म्हणजे एक वाट हालचालीची, दुसरी झटक्याची.

आपल्याकडे हालचालीची वाट आली ती मुंबईतून. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा निघाली. महापालिका, सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून ती काढली. निमित्त होतं पोलिओचं. 1955 मध्ये हाजीअलीची पुनर्वसन संस्था आली, त्याच वर्षी फिजिओथेरपिस्टांची देशपातळीवरची संघटनाही. परळ म्हणजे गिरणगाव, आणि गिरणगावात आपल्या रत्नागिरीचे चाकरमानी भरपूर. पोलिओच्या मुलांसाठी आलेली ही विद्या हळूहळू पाठीच्या, मानेच्या दुखण्याकडे वळली.

न्यूझीलंडमध्ये 1956 साली वेगळीच गंमत झाली. रॉबिन मॅकेंझी यांचा एक पेशंट चुकून, डोक्याकडचा भाग वर उचललेल्या टेबलावर पालथा पडून राहिला, आणि त्याच्या पायाची कळ थांबली. त्यातून मॅकेंझींनी धडा घेतला: पेशंटला त्याची हालचाल शिकवा, रोज माझ्याकडे यायची गरज राहू नये. पुढे त्यांनी मानेसाठीही असंच पुस्तक लिहिलं.

मला या इतिहासाचं सार इथंच दिसतं. हाताच्या उपचाराने सुरुवातीला आराम लवकर पडतो, मान वळायला लागते. पण तो आराम टिकवायचा तर व्यायाम आपणच करायला लागतो. हनुवटी आत घेऊन मान सरळ मागे नेणं, कान हळूच खांद्याकडे झुकवून 20-30 सेकंद थांबणं, खांद्याची पाती मागे ओढणं. ताण जाणवावा, कळ येऊ नये. आणि हे आठवडाभर नाही, महिनोन्‌महिने.

आता तो झटका. 'कट्' म्हणजे हाड जागेवर बसलं असं नव्हे. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या असतात. जोराच्या झटक्याने त्यांचं अस्तर फाटू शकतं, गुठळी होऊन पक्षाघातही येऊ शकतो. हे क्वचित होतं, पण झालं तर आयुष्यभराचं. तेव्हा चंपी करून घ्या खुशाल, पण झटका आला की म्हणायचं, "भाऊ, मान राहू दे."

आणि हाताला मुंग्या, बोटांत अशक्तपणा, चालताना तोल जाणं, पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, यांतलं काहीही असेल तर घरी ताणत बसू नका. आधी डॉक्टर गाठा.

भेटू पुढच्या भागात. तोवर मोबाइल जरा डोळ्यांसमोर धरा.