ज्याँ-मार्तँ शार्को

मज्जाविकारशास्त्राला वैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून प्रतिष्ठा मिळवून देणारे फ्रेंच वैद्य ज्याँ-मार्तँ शार्को यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८२५ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील घोडागाड्या बनविणारे कारागीर होते. १८५३ मध्ये संधिवातावरील प्रबंधाबद्दल शार्को यांना डॉक्टरेट मिळाली. १८६२ मध्ये ते पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात वैद्य म्हणून रुजू झाले.

कधीकाळी बंदुकीच्या दारूचा कारखाना असलेल्या या जागेत त्या वेळी हजारो निराधार, वृद्ध व असाध्य रोगांनी पीडित स्त्रिया राहत. इतरांना जे केवळ आश्रयस्थान वाटे, तेथे शार्को यांना अभ्यासाचे भांडार दिसले. रुग्णाच्या लक्षणांची वर्षानुवर्षे नोंद ठेवायची आणि मृत्यूनंतर शवविच्छेदन करून ती मेंदू व मज्जारज्जूतील बिघाडाशी ताडून पाहायची, ही त्यांची पद्धत होती. त्यातूनच मल्टिपल स्क्लेरॉसिस व कंपवात हे भिन्न विकार असल्याचे त्यांनी दाखविले. पहिल्यात हालचाल करू जाता हात कापतो, तर दुसऱ्यात तो स्थिर असतानाच कापतो. कंपवाताला ‘पार्किन्सन’ यांचे नाव द्यावे, ही सूचनाही त्यांचीच. स्नायू क्षीण करीत जाणाऱ्या एएलएस या रोगाचे वर्णन त्यांनी १८६९ पासून केले. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना जडलेला हा रोग फ्रान्समध्ये आजही ‘शार्कोचा आजार’ म्हणून ओळखला जातो.

१८८२ मध्ये पॅरिस विद्यापीठात मज्जाविकारांचे स्वतंत्र अध्यासन त्यांच्यासाठी निर्माण करण्यात आले. बाबिन्स्की, पिएर मारी, जिल द ला तुरेत हे त्यांचे शिष्य. १८८५ च्या अखेरीस तरुण सिग्मंड फ्रॉइडही त्यांच्याकडे शिकण्यास आले होते.

उन्माद अर्थात हिस्टेरिया या विकारावरील त्यांचे संशोधन मात्र वादग्रस्त ठरले. उन्मादाच्या रुग्णांवरच संमोहनाचा खरा परिणाम होतो, असे ते मानत. नान्सी येथील बर्नहाइम यांनी त्यास आक्षेप घेतला. संमोहन हा सूचनेचा प्रभाव असून तो निरोगी माणसावरही होतो, हे त्यांचे म्हणणे पुढे मान्य झाले. भरगच्च सभागृहात ज्या स्त्रियांचे झटके दाखविले जात, त्यांच्याकडून नकळत अपेक्षित तेच घडवून घेतले जात होते, अशी टीका झाली. तथापि हा विकार ढोंग नसून पुरुषांनाही होतो, हे ठासून सांगण्याचे श्रेय शार्को यांनाच द्यावे लागेल.

१६ ऑगस्ट १८९३ रोजी प्रवासात असताना त्यांचे निधन झाले. उन्मादाविषयीचे त्यांचे सिद्धांत मागे पडले. लक्षणांवरून बिघाडाची जागा शोधण्याची त्यांनी रुजविलेली शिस्त मात्र मज्जाविकारतज्ज्ञ आजही पाळतात.