वापरलेल्या व फेरफार केलेल्या पिस्तुलाची खरेदी : सदर (नागपूर) परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

एखाद्या परवानाधारक नागरिकासमोर जुने रिव्हॉल्व्हर अथवा पिस्तूल विकत घेण्याचा प्रस्ताव येतो, तेव्हा तो प्रथम किंमत विचारतो, नंतर कंपनीचे नाव पाहतो आणि शेवटी शस्त्राची अवस्था तपासतो. पूर्वीच्या मालकाने त्या शस्त्राची नळी बदललेली असेल किंवा अन्य काही फेरफार केलेला असेल, तर तो फेरफार गुण मानावा की दोष, असाही प्रश्न त्याला पडतो. वरवर पाहता हा दोन व्यक्तींमधील खाजगी व्यवहार वाटतो. परंतु या व्यवहारामागे सुमारे पावणेदोनशे वर्षांचा राजकीय व कायदेशीर इतिहास उभा आहे, आणि त्यातील काही महत्त्वाचे प्रसंग नागपुरात घडले आहेत.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, वसाहतकालीन कायदा ‘शस्त्र कोणाच्या हाती आहे’ हा प्रश्न विचारीत होता, तर स्वातंत्र्योत्तर कायदा त्यासोबत ‘हे शस्त्र कोणते आहे’ हाही प्रश्न विचारतो. फेरफार केलेले शस्त्र या दुसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर देऊ शकत नाही. म्हणून खरेदीचा निर्णय शस्त्राच्या पूर्वेतिहासावर अवलंबून ठेवणे इष्ट ठरते.

सदर : छावणीचा बाजार आणि निःशस्त्रीकरण

‘सदर बाजार’ हे नावच लष्करी ठाण्याशी निगडित आहे. नोव्हेंबर १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपुरात ब्रिटिश रेसिडेंटचे वर्चस्व प्रस्थापित झाले. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले यांचे निधन झाले आणि त्यानंतर राज्य खालसा करण्यात आले. रेसिडेन्सी, टाकळीची छावणी आणि त्यांच्या गरजा भागविणारा बाजार अशा रचनेतून सदर भागाची घडण झाली. आजचा रेसिडेन्सी रोड त्या काळाची आठवण जपून आहे.

जून १८५७ मध्ये टाकळी येथील अनियमित घोडदळाचा उठावाचा बेत उघडकीस आला. त्या घोडदळाची शस्त्रे काढून घेण्यात आली आणि काही अधिकाऱ्यांना फाशी देण्यात आली. त्याच वर्षी शस्त्रे व दारूगोळा यांची आयात, निर्मिती व विक्री नियंत्रित करणारा कायदा देशात लागू झाला आणि १८६० मध्ये त्याची जागा दुसऱ्या कायद्याने घेतली. म्हणजे शस्त्रविक्रीवरील नियंत्रण हे गुन्हेगारीच्या चिंतेपेक्षा उठावाच्या भीतीतून जन्मास आले. सदर परिसराच्या दृष्टीने ही गोष्ट दूरची नव्हती. ज्या छावणीवर हा बाजार पोसला गेला, त्याच छावणीत निःशस्त्रीकरणाचा प्रसंग घडला होता.

१८७८ चा अधिनियम : माणसाची परीक्षा

लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ चा अकरावा अधिनियम, म्हणजेच भारतीय शस्त्र अधिनियम, संमत झाला. त्यान्वये शस्त्र बाळगण्यासाठी परवाना आवश्यक ठरला. मात्र नियमांद्वारे युरोपीय व्यक्तींना यातून सूट देण्यात आली होती. एकाच दुकानातील एकच रिव्हॉल्व्हर युरोपीय अधिकाऱ्यास परवान्याविना घेता येई, आणि भारतीय वकिलास वा मालगुजारास त्यासाठी जिल्हाधिकाऱ्याची मर्जी संपादन करावी लागे. येथे शस्त्राचा गुणधर्म गौण होता. खरेदीदाराचा वंश व त्याची राजनिष्ठा या गोष्टी निर्णायक होत्या.

भारतीय सुशिक्षितांना हा भेद अपमानास्पद वाटला. राष्ट्रीय सभेच्या १८८७ मधील मद्रास अधिवेशनात या कायद्यात बदल करण्याची मागणी ठरावाद्वारे करण्यात आली. पहिल्या महायुद्धानंतर नियमांतील वांशिक सूट रद्द झाली, तरी परवाना हा अधिकार न राहता कृपेचा विषय राहिला.

नागपूरचा शस्त्रसत्याग्रह (१९२७)

या पार्श्वभूमीवर मंचरशा आवारी, म्हणजे ‘जनरल आवारी’, यांच्या नेतृत्वाखाली १९२७ मध्ये नागपुरात शस्त्र अधिनियमाविरुद्ध सत्याग्रह झाला. सत्याग्रही तलवारीसारखी शस्त्रे उघडपणे हाती घेऊन रस्त्यावरून मिरवणुकीने जात व अटक करवून घेत. आवारींना कारावास झाला व तुरुंगात त्यांनी दीर्घ उपोषण केले. महात्मा गांधींनी मात्र या चळवळीस पाठिंबा दिला नाही. शस्त्र मिरविणे हे अहिंसक कायदेभंगाशी सुसंगत नाही, अशी त्यांची भूमिका होती. तथापि जानेवारी १९३० मध्ये त्यांनी मांडलेल्या अकरा मागण्यांत, लोकनियंत्रणाच्या अधीन राहून आत्मरक्षणार्थ शस्त्रपरवाने देण्याची मागणी होती. १९३१ च्या कराची ठरावानेही, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला.

नागपूरच्या सत्याग्रहातील एक बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. सत्याग्रहींची तलवार उघडी होती आणि कोणाच्या हाती कोणते शस्त्र आहे, हे साऱ्या शहराला दिसत होते. पिस्तुलाचे स्वरूप याहून भिन्न आहे. ते खिशात मावते, हातोहात फिरते आणि त्यावरील क्रमांक घासून टाकला की त्याचा भूतकाळही पुसला जातो. नागरिकाच्या शस्त्रधारणेच्या हक्काची चर्चा तलवारीच्या प्रतिमेवर आधारलेली होती; स्वतंत्र भारतापुढे आलेला प्रश्न पिस्तुलाचा होता.

१९४८ : दोन घटना

या प्रश्नाचे अत्यंत दुःखद स्वरूप जानेवारी १९४८ मध्ये देशाने पाहिले. गांधीहत्या खटल्यात आलेल्या माफीच्या साक्षीदाराच्या जबानीनुसार, २० जानेवारीच्या प्रयत्नापूर्वी कटवाल्यांनी दिल्लीत आपल्याजवळची दोन जुनी रिव्हॉल्व्हरे चालवून पाहिली. त्यातील एक नीट चालेना, तर दुसऱ्याची गोळी लक्ष्यापर्यंत पोहोचेना. तो प्रयत्न फसल्यानंतर ग्वाल्हेर येथे २८ जानेवारीस इटालियन बनावटीचे एक वापरलेले बेरेटा पिस्तूल मिळविण्यात आले. १९३४ साली तयार झालेले हे पिस्तूल कोणत्याही परवान्याविना, तोंडी ओळखीवर हस्तांतरित झाले आणि दोनच दिवसांनी त्याच पिस्तुलाने महात्माजींची हत्या झाली. त्या पिस्तुलावर ६०६८२४ हा क्रमांक होता. क्रमांक शाबूत होता, परंतु त्या हस्तांतरणाला परवान्याचा कोणताही आधार नव्हता. जुन्या शस्त्राचा बेनामी व्यवहार समाजाला किती महाग पडू शकतो, याचे याहून विदारक उदाहरण नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संविधान सभेत मूलभूत स्वातंत्र्यांवरील चर्चेत मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी हरी विष्णू कामत यांनी, शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत समाविष्ट करावा, अशी दुरुस्ती मांडली. कराची ठरावाची परंपरा त्यांच्या पाठीशी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही दुरुस्ती स्वीकारली नाही. प्रत्येक व्यक्तीला बाजारात जाऊन हल्ल्याची साधने निर्बंधाविना विकत घेण्याचा हक्क असेल, तर राज्याने कारभार कसा चालवावा, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. बाबासाहेबांनी येथे ‘बाजार’ केंद्रस्थानी ठेवला, ही बाब महत्त्वाची आहे. परकीय सरकारने प्रजेला निःशस्त्र करणे आणि लोकनियुक्त राज्याने शस्त्रबाजाराचे नियमन करणे, या दोन गोष्टी एकच नव्हेत. कामतांच्या मागणीमागील स्वाभिमान खरा होता. पण तिचे उत्तर वसाहतवादाच्या समाप्तीत होते, अनिर्बंध खरेदीत नव्हते.

१९५९ चा अधिनियम : शस्त्राची परीक्षा

१९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. या कायद्याने परवान्याची अट कायम ठेवली, परंतु शस्त्राच्या स्वतंत्र ओळखीलाही तितकेच महत्त्व दिले. कलम ६ नुसार परवान्याविना बंदुकीची नळी आखूड करणे वा नकली शस्त्राचे खऱ्या शस्त्रात रूपांतर करणे निषिद्ध आहे. कलम ८ नुसार शस्त्रावरील उत्पादकाचे नाव, क्रमांक वा ओळखचिन्ह पुसणे अथवा बदलणे निषिद्ध असून, अशी खूण नसलेल्या शस्त्राची विक्री वा हस्तांतरणही करता येत नाही. शिवाय पुसलेल्या क्रमांकाचे शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडेल, त्यानेच तो पुसला, असे विरुद्ध पुरावा येईपर्यंत गृहीत धरले जाते. खरेदीदाराच्या दृष्टीने हे गृहीतक अत्यंत गंभीर आहे. आधीच्या मालकाचे कृत्य नव्या मालकाच्या माथी येऊ शकते.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम ६ ची व्याप्ती वाढविली. शस्त्र नियम, २०१६ मधील एका प्रवर्गातील शस्त्राचे दुसऱ्या प्रवर्गात रूपांतर करणेही आता त्या कलमाखाली येते. अशा उल्लंघनासाठी किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल संख्या, जी १९८३ पासून तीन होती, ती सर्वसाधारणपणे दोनवर आणली.

जुन्या शस्त्राचे आकर्षण आणि फेरफाराचा धोका

जुन्या शस्त्राला मागणी का असते, याचे कारण आयातीच्या धोरणात आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर खाजगी व्यक्तींसाठी परदेशी शस्त्रांची आयात जवळपास बंद झाली. परिणामी त्यापूर्वी आलेली वेब्ली अँड स्कॉट, वॉल्थर यांसारख्या कंपन्यांची शस्त्रे दुर्मिळ झाली व त्यांच्या किमती चढल्या. त्यांना भारतीय पर्याय म्हणजे कानपूर येथील सरकारी कारखान्याचे ३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर. ते वेब्लीच्या जुन्या ३८ बोअर नमुन्यावर बेतलेले असले, तरी ३८ बोअर सामान्य नागरिकांसाठी प्रतिबंधित असल्यामुळे ते ३२ बोअरमध्ये तयार करण्यात आले. एकाच घाटाचे शस्त्र केवळ बोअरच्या फरकाने एका प्रवर्गातून दुसऱ्यात जाते, हे यावरून ध्यानात येईल. कारखान्यात, चाचणीसह झालेला असा बदल आणि गल्लीतील कारागिराने नळी वा चेंबर बदलून केलेला बदल यांत कायद्याचा तसेच तंत्राचाही फरक आहे.

तंत्राच्या दृष्टीने पाहता, रिव्हॉल्व्हरमध्ये फिरत्या चक्रातील प्रत्येक घर नळीशी नेमके जुळावे लागते, आणि धातूला दारूच्या स्फोटाचा दाब सोसावा लागतो. म्हणूनच शस्त्र विक्रीस जाण्यापूर्वी नेहमीपेक्षा अधिक दाबाची गोळी झाडून त्याची परीक्षा घेण्याची व त्यावर छाप मारण्याची पद्धत जगभर रूढ झाली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ मध्ये स्थापन झाले. तेथील १८६८ च्या कायद्याचे तत्त्व असे की, नळीत बदल करून ती दुर्बल झाली, तर आधीच्या छापाला अर्थ उरत नाही व परीक्षा पुन्हा करावी लागते. फेरफार केलेल्या शस्त्रावरील मूळ छाप हा अशा रीतीने एका वेगळ्याच शस्त्राचा दाखला ठरतो.

पुसलेला क्रमांक कायमचा नाहीसा होतो, हा समजही खरा नाही. ठसा मारताना अक्षरांखालील धातूची रचना दबते. पृष्ठभाग घासला तरी ती विकृती काही खोलीपर्यंत टिकते, आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रासायनिक प्रक्रियेने क्रमांक अनेकदा पुन्हा दिसू लागतो. शस्त्राचा इतिहास लपविता येतो, पण तो नष्ट होतोच असे नाही.

खरेदीचा निर्णय

नागपूर शहरात १९६५ पासून पोलीस आयुक्तालय असल्यामुळे सदर येथील रहिवाशास परवान्यासाठी पोलीस आयुक्तांकडे जावे लागते. खाजगी व्यक्तीकडून शस्त्र घ्यावयाचे असल्यास कलम ५ नुसार विक्रेत्याने आपला विक्रीचा मनोदय आणि खरेदीदाराचे नाव-पत्ता परवाना अधिकाऱ्यास वा जवळच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवावा लागतो, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. अनेकांना हा विलंब जाचक वाटतो. ऐतिहासिक दृष्टीने पाहिल्यास या ४५ दिवसांत ग्वाल्हेरच्या व्यवहारात नसलेली गोष्ट घडते. दोन व्यक्तींमधील व्यवहाराला समाज साक्षी होतो.

या विवेचनाच्या आधारे खरेदीदाराने स्वतःस तीन प्रश्न विचारणे योग्य ठरेल. शस्त्रावरील क्रमांक मूळ व सुवाच्य असून तो विक्रेत्याच्या परवान्यातील नोंदीशी जुळतो काय? शस्त्राचा आजचा बोअर व प्रवर्ग कारखान्यातून निघाला त्या वेळचाच आहे काय? झालेला बदल परवानाधारक कारागिराने केला असून त्याची कागदोपत्री नोंद व नंतरची चाचणी उपलब्ध आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर किंमत कितीही आकर्षक असली, तरी ते शस्त्र न घेणेच उचित होय. मुठीवरील आच्छादन बदलण्यासारखा बाह्य बदल आणि नळी, चक्र वा बोअर यांतील बदल यांची गल्लत मात्र करू नये. पहिला हौसेचा विषय आहे, तर दुसऱ्याने शस्त्राची कायदेशीर ओळखच बदलते.

समारोप :

टाकळीच्या छावणीतील निःशस्त्रीकरणापासून २०१९ च्या दुरुस्तीपर्यंतचा हा प्रवास केवळ निर्बंधांच्या वाढीचा नाही. वसाहतकालीन सत्तेने माणसावर अविश्वास दाखविला. त्याविरुद्ध जनरल आवारींसारख्या नागपूरकरांनी तुरुंगवास पत्करला, आणि तो लढा न्याय्य स्वाभिमानाचा होता. प्रजासत्ताकाने वंशाचा निकष मोडीत काढला व शस्त्राच्या ओळखीचा निकष स्वीकारला. हा निकष सर्व नागरिकांस समान लागू होतो, हेच त्याचे नैतिक बळ आहे. परवाना देताना आजही विलंब वा पक्षपात होत असेल, तर त्याविरुद्ध दाद मागणे हा नागरिकाचा हक्कच आहे. परंतु त्या तक्रारीच्या आधारे क्रमांकहीन वा रूपांतरित शस्त्राच्या खरेदीचे समर्थन होऊ शकत नाही. शस्त्र विकत घेणारा केवळ लोखंडाची वस्तू घेत नाही, तर त्या वस्तूच्या आजवरच्या साऱ्या इतिहासाचा वारसदार होतो. जो इतिहास तपासता येत नाही, त्याचा वारसा न स्वीकारणे हेच सुजाण नागरिकास शोभणारे आहे.