सिनेमातलं वायकिंग गाव टेबलावर कसं उतरवायचं? आणि त्याच तंत्राने आपलं माळवदाचं गाव

दिवाळीत ज्याने कधी किल्ला केला आहे, त्याने अर्धं टेरेन बनवलेलंच आहे. फरक एवढाच, की किल्ला बघायला असतो आणि टेरेन खेळायला. वॉरगेमिंग म्हणजे छोट्या सैनिकांच्या मूर्ती टेबलावर मांडायच्या, टेपने अंतर मोजून त्या पुढे सरकवायच्या आणि फासे टाकून लढाईचा निकाल लावायचा. त्या टेबलावरची घरं, टेकड्या, कुंपणं, ओढे म्हणजे टेरेन.

या छंदात वायकिंग गाव हा जगभरचा आवडता विषय आहे. लोकांच्या डोक्यात ते गाव बहुतेक वेळा सिनेमातून आलेलं असतं. उदाहरणार्थ, २०१०च्या 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन'मधलं बर्क. आधी ते टेबलावर कसं आणायचं ते बघू. मग तीच पद्धत माझ्या भागाला, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या ईट परिसराला लावून बघू. मला स्वतःला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. का, ते पुढे येईलच.

आधी स्केल, मग बाकी सगळं

दिवाळीच्या किल्ल्यात मावळा दरवाज्यापेक्षा उंच असतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. खेळात मात्र बिघडतं. सगळ्यात जास्त चालणाऱ्या मूर्ती '२८ मिलिमीटर'च्या असतात आणि त्यांच्यासाठी साधारण १:५६ हे प्रमाण धरतात. म्हणजे खऱ्या मापाला ५६ ने भागायचं. १.८ मीटरचं दार ३२ मिलिमीटरचं होतं. पण मूर्ती २५ मिलिमीटर व्यासाच्या आणि सुमारे ३ मिलिमीटर जाडीच्या चकतीवर उभी असते, शिवाय हातात भाला. त्यामुळे गणिताने बरोबर असलेलं दार डोळ्याला ठेंगणं दिसतं. मी ४० मिलिमीटर उंच आणि ३० रुंद धरतो.

घराच्या लांबीत उलटी अडचण येते. नॉर्वेत लोफोटेन बेटांवर बोर्ग इथे उत्खननात एका सरदाराचं लांबघर सापडलं, ते ८३ मीटर लांब होतं. ५६ ने भागलं तर १४८ सेंटिमीटर! सहा बाय चार फुटांच्या टेबलाची लांबीच १८३ आहे. एका घरात टेबल संपलं, लढायचं कुठे? डेन्मार्कमधल्या फिरकाट इथलं पुन्हा उभारलेलं घर २८.५ मीटरचं आहे, तेही ५१ सेंटिमीटर भरतं. म्हणून सगळे जण घरं आखडतात. माझा नियम सोपा आहे: लांबी-रुंदी आखडा, पण दार आणि भिंतीची उंची सोडू नका. २०-२५ सेंटिमीटरचं लांबघर बघणाऱ्याला व्यवस्थित पटतं.

सिनेमातून काय घ्यायचं

सिनेमातलं गाव कॅमेऱ्यासाठी असतं आणि कॅमेरा गल्लीतून फिरतो. आपण टेबलाकडे वरून बघतो, म्हणजे दिसतात ती छपरं. बर्कची ओळखही छपरांतच आहे: पालथ्या नावेसारखा आकार, टोकाला कोरलेली ड्रॅगनची मुंडकी, आणि कड्यावर वेगवेगळ्या उंचीला बसवलेली घरं. एवढं जमलं की मुलं लगेच ओळखतात. भिंतीवरचं बारीक काम कुणी बघतही नाही.

कड्याचा उतार मात्र जसाच्या तसा घेऊ नका, मूर्ती घसरतात. उताराऐवजी ३० मिलिमीटर रुंद पायऱ्या करा. दोन घरांत निदान ८ सेंटिमीटर जागा ठेवा, कारण तिथे दोन चकत्याच नाही तर तुमची बोटंही जायला हवीत. छप्पर सुटं ठेवा, म्हणजे आतही खेळता येतं. आणि शिंगांच्या शिरस्त्राणांवरून वाद घालू नका. खऱ्या वायकिंगांचं तसं एकही शिरस्त्राण सापडलेलं नाही. ती प्रतिमा रूढ झाली १८७६ सालच्या बायरॉइथमधल्या वाग्नरच्या ऑपेराच्या वेशभूषेनंतर. पण गाव सिनेमाचं असेल तर शिंगं खुशाल ठेवा.

साहित्य

थर्माकोलचे दाणे सुटतात, त्यापेक्षा एक्सपीएस फोम चांगला. गच्चीच्या इन्सुलेशनसाठी वापरतात तोच. त्यावर चुरगळलेल्या अॅल्युमिनियम फॉइलचा गोळा दाबला की दगडाचा पोत येतो. फळ्यांसाठी आइस्क्रीमच्या काड्या, गवती छपरासाठी जुना टर्किश टॉवेल फेविकॉलच्या पाण्यात भिजवून, आणि जमिनीसाठी चाळलेला मुरूम. स्प्रे पेंट थेट फोमवर मारला तर फोम विरघळतो, आधी फेविकॉल आणि अॅक्रिलिक रंगाचा जाड हात द्या. गरम तारेने फोम कापताना खिडक्या उघड्या ठेवा, तो धूर चांगला नाही.

थ्रीडी प्रिंटर असेल तर अख्खी घरं छापत बसू नका, तासन् तास जातात. ड्रॅगनचं मुंडकं एकदा डिझाइन करा आणि वीस वेळा छापा. फंक्शन एकदा लिहून वीस वेळा कॉल करण्यातलाच प्रकार. एक इशारा आपल्याकडच्या उन्हासाठी: पीएलए प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत ठेवलेली मुंडकी माना टाकतात.

आता आपलं गाव

मराठवाड्यातलं जुनं गाव खेळाच्या दृष्टीने बर्कपेक्षा सरस आहे. वेस, बोळ, वाडा, एखादी गढी, आणि मुख्य म्हणजे माळवद! लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यावर मातीचा थर दिलेलं हे सपाट छत. वायकिंग छपरावर मूर्ती उभी राहत नाही, माळवदावर राहते. शेजारच्या माळवदावर उडी मारता येते, वरून नेम धरता येतो. खालच्या बोळाला आपोआप अर्थ येतो.

पण ही घरं झपाट्याने जात आहेत, आणि त्यामागे कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचं जड छत, हेच जीवघेणं ठरलं. त्यामुळे 'जुनी घरं टिकवा' असं मी कुणाला म्हणणार नाही. त्यांची मापं मात्र राहायला हवीत, आणि ते काम फोनवर होतं.

या पद्धतीला फोटोग्रॅमेट्री म्हणतात. घराभोवती फिरत ६० ते १०० फोटो काढायचे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला निदान ६० टक्के भाग यायला हवा. ढगाळ दिवस निवडा, कारण कडक सावल्यांनी सॉफ्टवेअर गोंधळतं. मेशरूम हे मोफत सॉफ्टवेअर फोटोंमधले सारखे बिंदू जुळवून थ्रीडी मॉडेल तयार करतं. मात्र नुसत्या फोटोंवरून घर खरंच किती मोठं आहे ते त्याला कळत नाही. म्हणून फोटोत एक मीटरची खुणा केलेली काठी उभी करा. मग ब्लेंडरमध्ये काठीवरून खरं माप बसवा आणि ५६ ने भागा. मालकाला आधी विचारायचं, हे सांगायला नकोच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं केलं तर पडलेली भिंत कुठे होती तेही कळतं, जे कुठलाच फोटो सांगत नाही.

लढाईही जवळच मिळते. हद्द ओलांडली की अहिल्यानगर जिल्ह्यातलं खर्डा. मार्च १७९५ मध्ये मराठ्यांशी लढताना निजाम खर्ड्याच्या भुईकोटात अडकला आणि पाण्यावाचून त्याच्या फौजेचे हाल झाले. म्हणजे खेळाचा नियम तयारच आहे: सहाव्या फेरीअखेर ओढा आणि विहीर ज्याच्या ताब्यात, तो जिंकला. अख्खा किल्ला करायची गरज नाही, टेबलाच्या एका कडेला तटाचा एक तुकडा आणि दोन बुरूज पुरतात.

सगळं एक फूट बाय एक फुटाच्या सुट्या तुकड्यांवर बांधा. दोन फूट बाय दोन फुटांच्या खेळाला असे चार तुकडे लागतात आणि घरं काढून ठेवली तर ते एका पिशवीत बसतात. ओढ्याच्या तुकड्यांवर ओढा प्रत्येक कडेच्या बरोबर मध्यावर आणून सोडा, म्हणजे तुकडे कसेही फिरवून लावले तरी पाणी जुळतं.