समोच्च रेषा

समोच्च रेषा : समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असलेली ठिकाणे जोडून नकाशावर काढलेली रेषा. जमिनीचे चढउतार सपाट कागदावर दाखवण्याची ही सर्वांत भरवशाची रीत आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या (स्थापना १७६७, मुख्यालय देहरादून) १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर या रेषा तपकिरी रंगात छापतात. शेजारच्या दोन रेषांमधला उंचीचा फरक साधारणपणे २० मीटर असतो. दर पाचवी रेषा जाड असते आणि तिच्यावर उंचीचा आकडा दिलेला असतो.

रेषा दाटीने आल्या की उतार तीव्र, विरळ झाल्या की सौम्य. या नकाशावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. तेवढ्या अंतरात अशा दहा टप्प्यांचा चढ असेल, तर किलोमीटरभरात २०० मीटर चढावे लागणार. नकाशा हाती असेल, तर दमछाक कुठे होणार हे घरबसल्या कळते.

शाळेत समोच्च रेषा एका धड्यात येतात आणि नदीचे कार्य दुसऱ्यात. खरे तर ही दोन्ही एकत्रच शिकवायला हवीत, कारण रेषांना वळणे पडतात ती बव्हंशी झिजेमुळे. हे स्वतः पाहायचे असेल, तर परातीत रेतीमिश्रित ओल्या मातीचा वीतभर उंच, गोलसर डोंगर करावा. शेजारी पट्टी उभी धरून दर दोन सेंटिमीटर उंचीवर खिळ्याने डोंगराभोवती रेघ ओढावी. वरून पाहिल्यास एकात एक वर्तुळे दिसतात. आता झारीने माथ्यावर हळूहळू पाणी सोडावे. माती वाहून जाते, घळी पडतात आणि पायथ्याशी गाळाचा पंखा पसरतो. खनन, वहन आणि संचयन ही तिन्ही कामे एकाच परातीत दिसतात. त्याच उंचीवर पुन्हा रेघा ओढल्या, तर जिथे घळ पडली तिथे रेघ माथ्याच्या दिशेने आत शिरते. दोन घळींच्या मधे उरलेल्या सोंडेवर तीच रेघ उताराच्या दिशेने बाहेर येते. रेषेचे टोक चढाकडे वळले की ओढा किंवा दरी, उताराकडे वळले की सोंड : नकाशावाचनातला हा सर्वांत उपयोगी नियम आहे.

सह्याद्रीचा नकाशा हा नियम फार ठळकपणे दाखवतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा वारंवार वर आला आणि त्याचे थर एकावर एक साचत गेले. हे सगळे थर सारखे टणक नाहीत. मऊ थर लवकर झिजतो, टणक थर कड्यासारखा उभा राहतो. म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या पडलेल्या दिसतात. नकाशावर रेषांचा दाट पट्टा, मग विरळ पट्टा, पुन्हा दाट, अशी रचना दिसली की तो कडा, माची आणि वरचा कडा असल्याचे ओळखावे. पश्चिमेला कोकणात उतरणाऱ्या नद्या आखूड आणि वेगवान असतात, पाऊसही धो धो पडतो. त्यामुळे ओढे उगमाकडे डोंगर कोरत मागे सरकतात आणि घाटमाथ्याच्या पश्चिम कडेला रेषा अगदी एकमेकींना चिकटतात. पूर्वेकडे मात्र त्या सैलावत जातात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर तर उतार उभाच आहे. तिथे रेषा एकमेकींत मिसळतात.

बंद वर्तुळ दिसले की डोंगरच, असे समजू नये. बुलडाणा जिल्ह्यातले लोणार हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, उल्काघाताने तयार झालेले विवर आहे. तिथेही रेषा वर्तुळाकार आहेत, पण आत जावे तसे आकडे उतरत जातात. खळगा दाखवण्यासाठी रेषेला आतल्या बाजूने बारीक दातेही काढतात. म्हणून आकडा वाचल्याशिवाय भूरूपाचे नाव घेऊ नये.

डोंगराचे आकारमान काढण्यासाठी या रेषांचा वापर अठराव्या शतकात झाला. नेव्हिल मॅस्केलिन यांनी १७७४ मध्ये स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगरावर पृथ्वीची घनता काढण्यासाठी निरीक्षणे केली. मोजलेल्या उंचीचे ढीगभर आकडे हाती आल्यावर गणितज्ञ चार्ल्स हटन यांनी सारख्या उंचीचे बिंदू रेषांनी जोडले आणि विस्कळीत आकड्यांतून डोंगराचा आकार स्पष्ट झाला.

घाटमाथ्यालगतच्या वाड्यांसाठी हे नकाशावाचन जीवनमरणाचे आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. दरड नेमकी कधी कोसळेल हे या रेषा सांगत नाहीत. त्यासाठी माती, पाऊस आणि खडकातल्या भेगा तपासाव्या लागतात. पण कोणती वस्ती तीव्र उताराच्या पायथ्याशी आहे, कोणत्या घळीचे तोंड घरांकडे आहे, हे पाचवी-सहावीतल्या मुलालाही आपल्या गावाच्या नकाशावर दाखवता येते, आणि ते त्याला यायलाच हवे.

२० मीटरांपेक्षा लहान चढउतार मात्र दोन रेषांच्या मधे हरवू शकतात. पारनेर तालुक्यातल्या निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रात वाहत्या पाण्याबरोबर गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी बेसाल्टमध्ये रांजणखळगे कोरले आहेत. झिजेचे इतके देखणे उदाहरण दुर्मीळ, तरी १:५०,००० च्या नकाशावरच्या समोच्च रेषांत ते उमटत नाहीत. त्यांच्यासाठी मोठ्या प्रमाणाचा, मीटर-अर्ध्या मीटरच्या फरकाने रेषा काढलेला नकाशा लागतो.